गडग्यापलीकडची होडी, अलीकडची गाडी

पुळणीवर परवा आणखी एक गाडी रुतली. बातमी अर्थात गडग्यापलीकडून आली. पावसाने जरा उघडीप दिली म्हणून मी पडवीतले ओले कपडे बाहेरच्या दोरीवर टाकायला आले, तर शेजारच्या काकी जांभ्याच्या चिऱ्यावर कोपर टेकून तयारच.

“ऐकलंस गो बाय? पुण्याची ती भली मोठी काळी गाडी. फोटो काढायला पाण्यात घातली.”

“मग?”

“मग काय, भरती लागली. भरती काय कोणाचा फोटो होईस्तोवर थांबते?”

पुढचा प्रसंग काकींनी हातवारे करून उभा केला. ओल्या वाळूत चाक जितकं जोरात फिरवावं तितकं ते खाली जातं. मालक घाबरून रेस करत राहिला आणि गाडी दरवाजापर्यंत बसली. ट्रॅक्टर आला, दोर तुटला, दुसरा दोर आणेपर्यंत लाट सीटवर. शेवटी ओढून काढली, तेव्हा गर्दीतला एक शहाणा म्हणाला, जरा स्टार्टर मारून बघा. झालं! इंजिनात पाणी असताना स्टार्टर मारला की पिस्टन त्या पाण्यावर आपटतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी परत गेली ती ट्रकवर बसून. विम्याचा माणूस आता पहिलं हेच विचारणार, की रस्ता सोडून समुद्रात तुमचं काय काम होतं?

“आमच्या हर्णैला बैलगाड्या पाण्यात जातात,” काकी म्हणाल्या. “होडीपासून मासळी आणतात. पण बैलाच्या पोटाला पाणी लागलं की बैल आपणहून थांबतो. ह्यांच्या गाडीला कॅमेरे चार नि अक्कल एकाला नाही.”

खरं तर भरतीची वेळ काढायला कॅमेरा लागत नाही की मोबाइल. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघायची आणि तिची पाऊणकी करायची. पंचमी असली तर पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. पहाटेही तीच वेळ आणि दुपारनंतरही तीच, कारण भरती दिवसातून दोनदा. अमावास्या-पौर्णिमेला भर दुपारी आणि मध्यरात्री पाणी भरतं आणि त्या दिवसांत उधाण असल्याने ते नेहमीपेक्षा बरंच वर येतं. पाऊणकी पाठ असलेली पिढी ह्या हिशेबावर आयुष्यभर होड्या लोटत आली. काकी शाळेत दुसरीपर्यंतच गेल्यात, पण हे गणित त्या मासळीच्या टोपलीखाली डोकं ठेवून करतात.

मी हे सगळं गंभीर चेहऱ्याने ऐकून घेतलं. आमची गाडी समुद्रात कधी गेली नाही हे खरं, पण समुद्र रोज तिच्याकडे येतो. खारा वारा! मुंबईत ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये वर्षानुवर्षं धडधाकट होती. आमचे हे रिटायर होऊन गावी आले, गाडी माडाखाली उभी राहिली आणि दोन पावसाळ्यांत तिला आजार जडले. आधी सायलेन्सर गेला. मग एसीच्या कॉइलला गळती लागली. ह्या पावसाळ्यात मेकॅनिकने ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट उचललं, खालच्या पत्र्यावर स्क्रू-ड्रायव्हरचं टोक नुसतं टेकवलं आणि ते आरपार गेलं. भोकातून खालची तांबडी माती दिसली. तो काही बोलला नाही, फक्त आमच्या ह्यांच्याकडे बघितलं. आमचे हे म्हणाले, “वेल्डिंग करता येईल ना?” तो म्हणाला, “करायला पत्रा पायजे, साहेब.”

आणि माडाखाली गाडी का लावता, हे मी किती वेळा विचारलं आहे ते विचारू नका. सावली मिळते म्हणे. नारळ पडतो तो सावली बघून पडत नाही. एकदा बॉनेटवर पडला, त्याचा खळगा अजून आहे आणि पावसात त्यात पाणी साठून चिमण्या आंघोळ करतात.

पण मुख्य रड गाडी चालण्याची नाहीच, ती उभी राहण्याची आहे. पावसाळ्यात आम्ही जाणार कुठे? बाजार झाला की दहा-दहा दिवस ती जागेवर. तेवढ्यात बॅटरी उतरते, तिच्या टोकांवर पांढरी-निळी पूड चढते. ती गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवायची आणि वर व्हॅसलीन चोपडायचं. स्टिअरिंगवर, सीटवर, पट्ट्यावर बुरशी. हँडब्रेक ओढून ठेवला तर मागचे ब्रेक धरून बसतात आणि गाडी जागची हलत नाही, म्हणून गिअरमध्ये टाकून चाकाखाली दगड लावायचा. हा दगड काढायला विसरून रिव्हर्स घेण्याचा कार्यक्रम आमच्याकडे अधूनमधून असतोच. त्यात उंदीर. बॉनेटखाली ऊब मिळते, मग वायरी कुरतडतात. तंबाखूची पानं ठेवून झाली, डांबरगोळ्या झाल्या, फिनेल झालं. उंदीर तंबाखू खाऊन जास्तच हुशार झाले असं माझं मत आहे.

“आमच्या पोटमाळ्यावरचेच ते,” काकी म्हणाल्या. “दिवसा आमची जाळी खातात, रात्री तुझ्या गाडीकडे येतात.”

हे मात्र मला नवीन होतं. पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीच्या दोन महिन्यांत जाळी पोटमाळ्यावर असतात. माशाचा वास कितीही धुतला तरी दोऱ्यात राहतो, आणि उंदराला तेवढा पुरतो. एका जागी पडलेलं भोक शिवायला अर्धा दिवस. नाखवा, म्हणजे काकींचे यजमान, सध्या पडवीत पाय पसरून तेच करत बसलेले असतात, पायाच्या अंगठ्यात जाळं अडकवून.

मी म्हटलं, “काकी, उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा जास्त खाते बघा.”

“गाडी खाते,” काकींनी पदर खोचला, “होडी माणसाला खाते. ये इकडे, दाखवते.”

होडी घराच्या पलीकडे, खाडीच्या काठाला वर घेतलेली. जून लागायच्या आत उधाणाची भरती साधून ती वर घ्यायची, ओंडक्यांवरून ओढत. पूर्वी सगळी वाडी दोराला लागायची आणि चहा-भज्यांवर काम व्हायचं. आता क्रेन येते आणि तासाचे पैसे मागते. वर घेतली की शाकारायची. एके काळी झाप विणून शाकारत, आता निळी ताडपत्री. ताडपत्रीला काकींचा राग आहे. झापातून वारा खेळतो, ताडपत्रीखाली लाकूड घामेजतं आणि कुजतं. पण झाप विणणारी माणसं राहिली कुठे? पोरी कॉलेजात गेल्या.

आम्ही ताडपत्री उचलून आत वाकलो. नाखव्यांचा मोठा मुलगा हातोडीच्या दांड्याने फळी फळी ठोकत होता. चांगल्या फळीचा आवाज टणक येतो, कुजलेलीचा भद्द. दोन फळ्यांवर खडूने फुल्या मारलेल्या. फळ्यांमधल्या सांध्यांतला जुना कापूस उपसून काढलेला आणि त्या जागी नवा कापूस छिन्नीने ठासला जात होता. त्यावर लांबी, मग रंग. बुडावरून खरवडून काढलेल्या शिंपल्यांचा ढीग खाली पडला होता. समुद्रात होडी नुसती उभी राहिली तरी तिच्या तळाला शेवाळ आणि शिंपले चिकटतात, होडी जड होते आणि डिझेल जास्त पिते. म्हणून तळाला तो महागडा तांबडा रंग लागतो, तांब्याचा अंश असलेला. त्याने किडे बसत नाहीत.

मागे पंख्याजवळ एक करडा ठोकळा होता, खाऊन खाऊन साबणाच्या चपटीएवढा उरलेला. मी विचारलं हे काय.

“जस्त,” मुलगा म्हणाला. “पंखा पितळी, शाफ्ट लोखंडी, नि पाणी खारं. खाऱ्या पाण्यात दोन धातू एकत्र आले की एक दुसऱ्याला खातो. जस्त लावलं की पाणी आधी जस्त खातं, शाफ्ट वाचतो.”

मी तो ठोकळा हातात घेऊन बघितला आणि मला आमच्या गाडीला असं काही लावता आलं असतं तर, असा विचार आला. नाही लावता येत. त्याला सगळा धातू पाण्यात बुडलेला लागतो, वाऱ्यावर ते काम होत नाही. मी विचारून घेतलं.

इंजिनाला इथे मशीन म्हणतात आणि होडीची ऐपत सिलिंडरवर मोजतात. अमक्याची दोन सिलिंडर, तमक्याची सहा. मशीन बहुतेकदा ट्रकच्याच जातीचं. फक्त ट्रकला वारा थंड करतो, इथे समुद्राचं पाणी आत खेचून थंड करायचं. त्या पंपात रबराचं एक पातं असतं. कचरा, प्लास्टिकची पिशवी किंवा जेलीफिश अडकून पाणी थांबलं की ते पातं फाटतं आणि मशीन तापतं. गाडी तापली तर तुम्ही रस्त्याच्या कडेला लावता आणि चहाची टपरी शोधता. होडी तापली की कडेला लावायला कड नसते.

आणि फिटर? फिटर जुलैमध्ये राजा. साऱ्या बंदराची मशीनं एकाच वेळी उघडलेली आणि सगळ्यांना बंदी सुटायच्या, १ ऑगस्टच्या आत हवी. फोन केला की “उद्या येतो”. काकींच्या मते हा उद्या त्याच्या पंचांगात स्वतंत्र तिथी आहे. परवा त्याला घरून उचलून आणला, कोळंबीचं कालवण वाढलं तेव्हा कुठे त्याने हेड खोललं.

त्याहून अवघड माणसं मिळणं. होडीवर ती हाकणारा तांडेल लागतो, खलाशी लागतात. आपली पोरं मुंबईला, म्हणून नेपाळपर्यंतचे खलाशी येतात आणि चांगलं काम करतात. पण हंगामाआधी उचल द्यावी लागते. उचल घेतलेला माणूस १ ऑगस्टला धक्क्यावर दिसला की त्या दिवशी काकी देवाला वेगळा नारळ ठेवतात. नाही दिसला तर त्याचा फोन बंद असतो, आणि काकींचं तोंड चालू.

बाकी कागदांच्या बाबतीत आमची बरोबरी आहे. आमच्या गाडीला पंधरा वर्षं होत आली. पुन्हा नोंदणी करायची तर १ एप्रिल २०२२ पासून ६०० ची फी ५,००० झाली, वर पर्यावरण कर. पीयूसी, विमा, आणि ती नवी सुरक्षा नंबरपाटी! २०१९ च्या एप्रिलआधीच्या सगळ्या गाड्यांना सक्तीची केली. मुदत वाढत गेली आणि आमच्या ह्यांनी ती प्रत्येक वेळी शेवटच्या दिवसापर्यंत वापरली. काकींकडे होडीची नोंदणी, मासेमारीचा परवाना, विमा, डिझेलचा कोटा आणि त्यावरच्या व्हॅटचा परतावा. तो कधी येईल ते हवामान खात्यालाही सांगता येणार नाही. २००८ मध्ये मुंबईत अतिरेकी मच्छीमार बोटीतूनच आले, तेव्हापासून खलाशालाही ओळखपत्राशिवाय पाण्यात जाता येत नाही. आता इस्रोने बनवलेलं ट्रान्सपॉन्डर होड्यांवर बसवतायत. समुद्रात फोन लागत नाही तिथूनही त्यातून निरोप पाठवता येतो.

“वादळाचा इशारा मिळेल, हे बरं,” मी म्हटलं.

“मिळेल. पण पोरं कुठे आहेत हे म्हाताऱ्याला घरून दिसेल, हे त्याहून बरं,” काकी म्हणाल्या. त्यांचे दोन मुलगे होडीवर असतात.

मग निसर्ग वादळाचा विषय निघाला, तो ह्या भागात निघतोच. ३ जून २०२०. हर्णैला आडोसा नाही, म्हणून वाऱ्याची चाहूल लागली की होड्या आंजर्ल्याच्या खाडीत घुसतात. खाडीचं तोंड गाळाने भरत चाललंय, ओहोटीला आत शिरायला गेलं की होडी बसते. त्या दिवशी आमच्या गाडीवर माडाची झावळ पडून काच गेली, तर आम्ही महिनाभर तेच सांगत होतो. काकींकडचं मी इथे लिहीत नाही. वर्षभराने पुन्हा तौक्ते आलं.

परत गडग्याकडे येताना जरा हलकं काही बोलावं म्हणून मी वरच्या आळीतल्या भाऊंचं काढलं. तुम्हाला माहीत नसेल, भाऊंनी मेव्हण्याबरोबर भागीत पर्यटकांची स्पीडबोट घेतली आहे. डॉल्फिन दाखवणार. डॉल्फिन हिवाळ्यात दिसतात, बोटीचा हप्ता बारा महिने दिसतो. पहिल्या हंगामात रोज संध्याकाळी बाहेरचं मशीन गोड्या पाण्याच्या पिंपात उभं करून पाच मिनिटं चालवायला हवं होतं, म्हणजे आतलं मीठ धुऊन निघतं. भाऊंना वाटलं मेव्हणा करतो, मेव्हण्याला वाटलं भाऊ करतात. मशीन आतून मीठ धरून बसलं. आता दोघं बोलत नाहीत आणि बोट भाऊंच्या गोठ्यात आहे, म्हशीच्या शेजारी.

“भागीत बायको चालेल, होडी नको,” काकी म्हणाल्या आणि मग आपल्याच बोलण्यावर चपापून आत कोणी ऐकतंय का बघितलं.

आमचे हे मात्र होडीचे भक्त आहेत, कारण त्यांना फेरीबोट आवडते. गुहागरला माझ्या माहेरी जायचं तर दाभोळहून धोपाव्याला गाडीसकट पलीकडे. ही सोय २००३ पासून आहे. ती नसती तर चिपळूणचा वळसा. उत्तरेला श्रीवर्धनकडे जायचं तर वेसवी ते बागमांडले. आवडतं हे खरं, पण चढवताना घाम फुटतो. ओहोटी असली की फळी उतरती लागते, पुढचा बंपर घासतो, मागून पोरं ओरडतात “येऊ द्या, येऊ द्या, बस बस”, आणि हे “बस” नेमकं गाडीला म्हणतायत की आपल्याला हे ह्यांना कधीच कळत नाही. मग दोन गाड्यांमध्ये इतकी कमी जागा की दार उघडून पोटावर हात ठेवून बाहेर यायचं. खारं पाणी उडतं ते वेगळं. घरी आल्यावर गाडी खालून धुवायची असते. धुतली जात नाही.

“म्हणजे बघ,” काकींनी निकाल दिला, “तुझ्या गाडीला नदी ओलांडायला होडी लागते. आमच्या होडीला कधी गाडी लागली?”

ह्यावर मला काही सुचेना. सुचलंही असतं, पण तेवढ्यात नाखवा खाडीकडून आले. नाखवा फार बोलत नाहीत. बंदीच्या दिवसांत तर आणखी कमी. त्यात ह्या वर्षी अधिक महिना आल्याने नारळी पौर्णिमा पार ऑगस्टच्या शेवटाला गेली आहे. नारळ वाहिल्याशिवाय त्यांची होडी निघत नाही आणि शेजारची पोरं मात्र एक तारखेलाच निघणार. रोज संध्याकाळी बापलेकांचं ह्यावर भांडण. पोरगा म्हणतो हप्ता पौर्णिमा बघत नाही. २०२५ मध्ये सरकारने मासेमारीला शेतीचा दर्जा दिला, तर पोरगा म्हणतो शेतकरी तरी पेरणीला कुठे थांबतो?

नाखवा गडग्याशी थांबले, टोपी सारखी केली.

“बाय, साहेब हायत काय घरात?”

“आहेत की. का हो?”

“शाफ्ट वाकलाय. दापोलीला लेथवर न्यायचाय. टेम्पोवाला परवाशिवाय नाय म्हणतो. तुमच्या गाडीत मागची शीट पाडली तर आडवा बसेल.”

काकी आभाळाकडे बघायला लागल्या.

मी विचारलं, शाफ्ट केवढा आहे. नाखव्यांनी दोन हात पसरले, ते पुरले नाहीत म्हणून दोन पावलं बाजूला सरकून पुन्हा पसरले. म्हणजे एक टोक डिकीला आणि दुसरं गिअरच्या दांड्याशी. वर ग्रीस, गंज आणि गेल्या हंगामाचा वास. आणि आमच्या ह्यांनी कालच सीट शाम्पू लावून धुतलेल्या, पंख्याखाली वाळवलेल्या.

“गोणपाट घालून घ्या खाली,” मी म्हटलं. “दोन थर. आणि वर जुने पेपर.”

“घालतो.”

“आणि पंखा पण न्यायचा असेल ना बरोबर?”

नाखवा नुसते हसले. पंखा त्यांनी आधीच पोत्यात बांधून गडग्याच्या आडोशाला आणून ठेवला होता.

“काकी,” मी म्हटलं, “होडीला गाडी लागत नाही ना?”

“उगी गो. पहिल्या फेरीचं पापलेट तुझं.”

“दोन. मोठी. गाडीला वास राहतो महिनाभर.”

“दोन?” काकींनी कोपर चिऱ्यावरून काढलं. “पापलेटचा भाव काय चाललाय ठाऊक हाय तुला? एक पापलेट नि वर मूठभर बोंबील.”

“बोंबील ओले की सुके?”

“पावसात सुके कुठून आणू?”

“मग गोणपाट तीन थर घाला,” मी नाखव्यांना सांगितलं आणि ह्यांना उठवायला आत गेले. ते वामकुक्षीत होते आणि गाडीची किल्ली उशीखाली होती.